कोकणातल्या पडवीत हायड्रेंजियाची छाट कलमे

प्रश्न थोडक्यात असा आहे: महाबळेश्वरहून आणलेले हायड्रेंजियाचे झाड गुहागरजवळच्या घरी दोन वर्षे कुंडीत जगले आहे. त्याची आणखी रोपे करायची म्हणून जुलैत सहा फांद्या कोकोपीटमध्ये लावल्या, वरून प्लास्टिकची पिशवी बांधली आणि पंधरा दिवसांत सहाही बुडाशी काळ्या पडल्या. चुकले कुठे, पुन्हा कधी लावायच्या, आणि मुळात आपल्याकडे याला फुले येतात का?

रुजण्याच्या बाबतीत हायड्रेंजिया अजिबात हट्टी नाही. मुळांची सुरुवात करणाऱ्या पेशींचे पुंजके याच्या खोडात आधीपासूनच तयार असतात, त्यामुळे धडधाकट फांदी तीन-चार आठवड्यांत मुळे धरते. तुमची कृतीही चुकीची नव्हती, ती दुसऱ्या हवेची होती. छाटाला मुळे नसतात आणि पानांतून पाणी तर उडतच राहते. कोरड्या हवेत फांदी सुकून जाऊ नये म्हणून वर पिशवी बांधायला सांगतात. जुलैत गुहागरची हवा आधीच पाण्याने भरलेली असते. अशा वेळी पिशवीने काही मिळत नाही, उलट वारा बंद होतो. पाण्याने गच्च कोकोपीट दिवसचे दिवस वाळत नाही, बुडाशी हवा पोचत नाही आणि पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या बुरशींना आयते रान मिळते. फांदी सुकून मेली असती तर पाने आधी माना टाकतात आणि बूड बराच वेळ हिरवे राहते. तुमच्याकडे उलटे झाले, म्हणजे दोष पाण्याचा. पावसाळ्यात कोकणात पाने ओली ठेवायची चिंता करायची नसते, बूड हवेशीर ठेवायची करायची असते.

मग लावायच्या कधी? पूर्वा आणि उत्तरा नक्षत्रांचा काळ, म्हणजे साधारण ३० ऑगस्टपासून सप्टेंबर संपेपर्यंत. पावसाचा जोर ओसरलेला असतो, अधूनमधून उघडीप मिळते, हवेत दमटपणा मात्र टिकून असतो. शिवाय जूनपासून फुटलेले धुमारे तोवर नेमके हव्या त्या अवस्थेला आलेले असतात. जूनच्या शेवटीही लावता येतात, पण त्या पडवीत, पागोळीचा एक थेंबही न पडेल अशा जागी आणि पिशवीशिवाय. मार्च ते मे हा विचारच सोडा. ऑक्टोबरच्या मध्यानंतरही मूळ झाडावर कात्री चालवू नका. त्याचे कारण फुलांशी जोडलेले आहे, ते पुढे येईल.

फांदीची निवड हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि बहुतेक जण इथेच घाई करतात. झाडाच्या टोकाला बोटभर पोपटी, लिबलिबीत शेंडा असतो. तो नको, दोन दिवसांत वितळतो. बुंध्याजवळ करड्या-तपकिरी सालीची जुनी फांदी असते. तीही नको, ती रुजते पण फार रेंगाळते. या दोहोंमधली, यंदाच्या पावसात वाढलेली हिरवी फांदी बघा. अंगठा आणि तर्जनीत धरून हळूच वाकवा. रबरासारखी वाकून जशीच्या तशी परत आली तर कोवळी आहे, अजिबात वाकत नसेल तर जून झाली आहे. थोडी वाकून ताजी गवार मोडावी तशी कट्कन मोडू पाहणारी फांदी घ्यायची. जाडी पेन्सिलीएवढी किंवा थोडी कमी. आता टोक तपासा. शेंड्याच्या दोन पानांमध्ये चपटा, टोकदार कोंब असेल तर तो पानांचा. गोल, फुगीर, ब्रोकोलीच्या दाण्यासारखे काही दिसत असेल तर ती फुलाची फांदी. अशी फांदी आपला सगळा जोर फुलावर घालते, मुळांवर नाही. पुष्पगुच्छातल्या हायड्रेंजियाच्या काड्या घरी लावून बघणाऱ्यांची निराशा होते ती बहुतेक याचमुळे.

दोन वर्षांच्या झाडावरून एका वेळी पाच-सहापेक्षा जास्त फांद्या काढू नका. काढायच्या त्या सकाळी सातच्या आत, आदल्या संध्याकाळी झाडाला पाणी देऊन. कापल्या कापल्या ओल्या फडक्यात गुंडाळा आणि तासाभरात लावून टाका.

छाट १० ते १२ सेंटीमीटर लांब, त्यावर दोन किंवा तीन पेरे. पेर म्हणजे जिथून पानांची जोडी समोरासमोर फुटते ती गाठ. खालचा काप सर्वांत खालच्या पेराच्या बरोबर खाली, पाव इंचाच्या आत, नव्या ब्लेडने एका फटक्यात द्या. कात्रीने दाबून कापलात तर खोडाच्या नळ्या चेपतात आणि कुज तिथूनच सुरू होते. ब्लेड आधी स्पिरिटने पुसून घ्या. पेराच्या खाली दोन-दोन इंचांचा दांडा सोडू नका. मुळे मुख्यतः पेरापाशी येतात, खालचा रिकामा दांडा फक्त कुजायच्या कामाचा. खालच्या पेराची दोन्ही पाने देठाशी कापा, ओरबाडू नका, साल सोलली जाते. वरच्या जोडीची पाने तळहाताएवढी असतील तर प्रत्येक पान आडवे अर्धे कापा. विद्रूप दिसते खरे, पण पाणी उडणे निम्म्यावर येते आणि शेजारच्या छाटावर पान लोळत नाही. लोळलेल्या पानाखाली साचलेल्या पाण्यात बुरशी धरायला दोन रात्री पुरतात.

एकच झाड आहे आणि रोपे मात्र भरपूर हवीत, तर एक पेर आणि त्याची दोन पाने एवढाच तुकडाही रुजतो. व्यावसायिक रोपवाटिकांत तो खोडाच्या मधून उभा चिरून प्रत्येकी एक पान आणि एक डोळा असे दोन भागही करतात. घरी पहिल्याच वर्षी त्या वाटेला जाऊ नका. चिरलेला भाग मोठा, आणि आपल्या दमट हवेत तेवढीच कुजीला वाट.

रूटिंग हार्मोनची पावडर, म्हणजे आयबीए, लावली तर मुळे लवकर आणि जास्त येतात. अशा कोवळ्या-जून फांदीला १००० पीपीएमची पुरते. चमचाभर पावडर कागदावर काढा, छाटाचे बूड पाण्यात बुडवून झटका, पावडरीत टेकवा, पुन्हा झटका. डबीत थेट बुडवाल तर ओलाव्याने सगळी डबी वाया जाईल. पावडर नसली तरी हायड्रेंजिया रुजतो, आठवडा-दहा दिवस जास्त घेतो एवढेच. कोरफडीचा गर, मध, दालचिनी हे उपाय सगळीकडे फिरत असतात. त्यांनी अपाय होणार नाही, पण आयबीएची जागा ते घेत नाहीत. छाट बटाट्यात खोचून लावायचा प्रकार मात्र आपल्याकडे करूच नका. बटाटा आठवड्यात सडतो आणि छाटाला सोबत घेऊन जातो.

माध्यमाकडे किनाऱ्यावरच्या माणसाने जरा जास्त लक्ष द्यायला हवे, कारण इथे मीठ चोरपावलांनी येते. कोकोपीट नारळाच्या सोडणाचे. सोडण खाऱ्या पाण्यात मुरवलेले असेल किंवा भुसा नीट धुतलेला नसेल तर त्यात सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार भरपूर राहतात. विटेच्या रूपात मिळणारे कोकोपीट बादलीत फुलवा, मूठभर घेऊन पिळा, ते पाणी टाकून द्या. असे तीनदा करा. पहिले पाणी काळ्या चहासारखे येईल, तिसरे फिकट यायला हवे. वाळू नदीची घ्या, भरड, चाळून धुतलेली. खाडीची किंवा समुद्राची वाळू कितीही धुतली तरी नको, कारण मीठ गेले तरी शिंपल्यांचा चुरा राहतो. तो म्हणजे चुना, आणि या झाडाला आंबटसर माती हवी असते. भाताचे तूस जाळून केलेली राख त्याच कारणाने नको.

मिश्रण मापाने एकास एक, म्हणजे एक टमरेल धुतलेले कोकोपीट आणि एक टमरेल भरड वाळू. पर्लाइट (फुगवलेल्या खनिजाचे पांढरे दाणे) मिळाला तर वाळूऐवजी तो, हलका पडतो. छाट लावण्याच्या मिश्रणात शेणखत, गांडूळखत, पातेऱ्याचे खत काहीही घालू नका. मुळे नसलेल्या काडीला खत उपयोगाचे नसते, बुरशीला मात्र असते. ओलावा तपासायला मूठभर मिश्रण जोराने पिळा. बोटांतून एक-दोन थेंब यावेत. धार आली तर पाणी जास्त आहे, पसरून ठेवा.

सहा इंची कुंडी घ्या, प्लास्टिकची किंवा मातीची, भोके मोकळी असलेली. नवी सिमेंटची कुंडी नको, तिच्यातून चुना उतरतो. काडीने आधी भोक पाडा, मग छाट ठेवा. नुसती खुपसली तर पावडर वरच पुसली जाते. खालचे पेर अडीच-तीन सेंटीमीटर आत जाईल इतके खोल, आणि भोवती बोटांनी हलके दाबा. एका कुंडीत चार छाट, पाने एकमेकांना न लागतील असे. नंतर एकदाच भरपूर पाणी घालून पूर्ण निथळू द्या आणि कुंडी खाली न टेकवता विटेच्या दोन तुकड्यांवर ठेवा. बशी अजिबात नको.

जागा म्हणजे पडवीची पूर्व किंवा उत्तर बाजू. भरपूर उजेड हवा, ऊन नको. वर्तमानपत्र दिव्याशिवाय आरामात वाचता येईल एवढा उजेड पुरे. सप्टेंबरात सकाळ-संध्याकाळ पानांवर बारीक फवारा, तोही उघडीप असेल तेव्हाच. दिवसभर पाऊस असेल तर काही करू नका. मिश्रणाला पाणी वरचा सेंटीमीटरभर थर कोरडा वाटल्यावर. कोरडा वारा सुटला तरच झाकण द्या, आणि ते असे: दोन लिटरच्या पाण्याच्या बाटलीचे बूड कापून ती कापलेली बाजू खाली करून छाटांवर ठेवायची, टोपण काढलेलेच राहू द्यायचे. पाणी शक्यतो पावसाचे वापरा. कौलांच्या पागोळीखाली पिंप ठेवले की महिन्याची सोय होते. खाडीलगतच्या विहिरीचे किंवा बोअरचे पाणी मचूळ लागत असेल तर छाटांना नकोच.

काय बिघडतेय हे पानांवरून आणि बुडावरून कळते. पहिल्या दोन दिवसांत दुपारी माना टाकून संध्याकाळी सावरली तर घाबरू नका. सकाळीही मलूल असेल तर उजेड किंवा वारा जास्त होतोय. बूड तपकिरी-काळे, दाबल्यावर मऊ आणि कुजका वास, तर तो छाट ताबडतोब भोवतालच्या मिश्रणासकट काढून टाका, उरलेल्यांना पाणी थांबवा. लावण्याआधी छाट दहा मिनिटे कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या पाण्यात (लिटरला १ ग्रॅम) बुडवले तर रायझोक्टोनियाला आळा बसतो. पण पिथियमवर कार्बेन्डाझिम चालत नाही, तिथे निचऱ्याला पर्याय नाही. सुपारीच्या कोळेरोगासाठी घरात बोर्डो मिश्रण असते, ते इथे मारू नका. कोवळ्या पानांना ते कडक पडते आणि त्यातला चुनाही नको. पाने रात्रीत चाळणीसारखी झाली असतील तर गोगलगाय आली म्हणून समजा. टॉर्च घेऊन नऊनंतर बघा, हाताने वेचणे हाच खात्रीचा उपाय. पानांवर जांभळट कडेचे तपकिरी ठिपके येतात ती सर्कोस्पोरा नावाची बुरशी. रोप मरत नाही, ठिपक्यांची पाने खुडून जाळा आणि फवारा पानांऐवजी हवेत मारा.

तीन आठवड्यांनी छाट दोन बोटांनी अलगद वर ओढून बघा. हाताला अडकल्यासारखे लागले तर मुळे धरली. रोज ओढून बघण्याचा मोह मात्र आवरा, कोवळी मुळे पांढरी, शेवईसारखी आणि तितकीच ठिसूळ असतात. पाने हिरवीगार आहेत पण सहा आठवड्यांनंतरही छाट सुळकन निघतो, असेही होते. बुडाशी नुसता पांढरा गुठळा आलेला असतो. तो फेकू नका. ताजा काप देऊन, पुन्हा पावडर लावून लावा, थोडे तरी वाचतात.

मुळे तीन-चार सेंटीमीटरची झाली की, म्हणजे साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, एकेक छाट चार इंची कुंडीत हलवा. इथे माती वेगळी: दोन भाग जांभ्याची तांबडी माती, दोन भाग पूर्ण कुजलेला पातेऱ्याचा काळा चुरा, एक भाग धुतलेले कोकोपीट, एक भाग भरड वाळू. नुसती तांबडी माती कुंडीत विटेसारखी बसते. पहिले पंधरा दिवस खत नाही. त्यानंतर दर पंधरवड्याला १९:१९:१९ (नत्र, स्फुरद म्हणजे फॉस्फरस, आणि पालाश सारखेच असलेले विरघळणारे खत), लिटरला १ ग्रॅम, ओल्या मातीवरच. तिसऱ्या पानांची जोडी सुटली की शेंडा एकदा खुडा, म्हणजे खालून दोन-तीन फांद्या फुटतील. दोन महिन्यांनी आठ इंची कुंडी, पुढच्या पावसाळ्यात बारा इंची.

इतके सगळे करायला वेळ नसेल आणि एक-दोन रोपेच हवी असतील तर दाब कलम करा, छाटापेक्षा ते बिनघोर आहे. मृग लागल्यावर झाडाची सर्वांत खालची लवचीक फांदी शेजारच्या कुंडीवर वाकवा. टोकापासून सुमारे ३० सेंटीमीटरवरचे एक पेर निवडा, त्याची पाने काढा, खालच्या बाजूने दोन सेंटीमीटर साल ब्लेडने खरवडा, पेर पाच सेंटीमीटर मातीत गाडा आणि वर चिऱ्याचा तुकडा ठेवा. शेंडा बाहेर उभा राहू द्या. आईचे दूध चालू असल्याने फांदी सुकत नाही. गणपतीच्या सुमारास मुळे धरलेली असतात. मूळ झाडाच्या बाजूने कापा, पण कुंडीतून लगेच हलवू नका, दोन आठवडे तिथेच राहू द्या.

आता फुलांचे. आपल्याकडे मिळणारा हायड्रेंजिया मॅक्रोफायला मूळचा जपानचा. त्याच्या जुन्या जातींत पुढच्या हंगामाच्या कळ्या फांदीच्या टोकाला थंडीत बसतात, आणि त्यासाठी सहा ते आठ आठवडे तापमान साधारण १८ अंशांच्या खाली राहावे लागते. महाबळेश्वर सुमारे १,३७२ मीटर उंचीवर आहे, तिथे हे आपोआप होते. अगदी किनाऱ्यालगत डिसेंबर-जानेवारीतल्या रात्री बऱ्याचदा या सीमेवरच रेंगाळतात. दापोलीच्या पठारावर किंवा सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांत थंडी जास्त पडते, तिथे फुलांची आशाही जास्त. म्हणून गुहागरला दरवर्षी भरगच्च गेंद येतील असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. काही वर्षी येतील, काही वर्षी नुसता पाला. पाल्यासाठीही झाड ठेवण्यासारखे आहे, पण हे आधी माहीत असलेले बरे.

आपल्या हातात आहे ते एवढेच: थंडीत कुंडी भिंतीपासून आणि पत्र्याच्या छपरापासून दूर, रात्री दव पडेल अशा मोकळ्या जागी ठेवायची. दिवसा मात्र सकाळचे दोन तास ऊन, पुढे सावली. आणि छाटणी वेळेवर. दसऱ्याच्या आगेमागे गुलाब छाटतात त्याच हाताने हायड्रेंजियाही छाटला जातो, आणि मग वर्षभर फूल का नाही याचा शोध सुरू होतो. टोकेच कापली तर कळी बसणार कुठे? याची छाटणी फुले सरल्यावर, मृगाच्या पावसाला. सप्टेंबरात छाटांसाठी टोक कापले तरी खालून फुटलेल्या धुमाऱ्याला थंडीपर्यंत तीन महिने मिळतात. ऑक्टोबरच्या मध्यानंतर कापले तर मिळत नाहीत, म्हणून वर ती मुदत दिली आहे. नव्या फांदीवरही फुलणाऱ्या जाती निघाल्या आहेत. पुढचे झाड विकत घेताना तशी जात आहे का हे विचारून घ्या, कोकणाला तीच सोयीची.

एप्रिल-मेमध्ये दुपारी पाने ओल्या फडक्यासारखी लोंबतात. पाण्याची झारी उचलण्याआधी बोट मातीत घाला. माती ओली असेल तर मुळे पाणी देताहेत, पण पानातून ते जास्त वेगाने उडते आहे, एवढाच अर्थ. तेव्हा पाणी नको, सावली हवी. झापांचा मांडव किंवा ७५ टक्क्यांची शेडनेट. अशा वेळी पुन्हा पुन्हा पाणी घालूनच उन्हाळ्यात झाडे कुजवली जातात. गुरे-शेळ्या मोकळ्या फिरत असतील तर कुंडी उंचावर ठेवा, याचा पाला पोटात गेला तर विषारी आहे.

रंगाबद्दल विचारलेले नाही, पण पुढचा प्रश्न तोच असतो. मातीचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचे माप; आकडा कमी तितकी माती आंबट) ५.५ च्या खाली असेल तर ॲल्युमिनियम विरघळून झाडात जाते आणि फूल निळे होते. सामू ६ च्या वर गेला की गुलाबी. जांभ्यात ॲल्युमिनियम भरपूर आणि माती आंबट, त्यामुळे आपल्या मातीत निळा किंवा जांभळा रंग सहज येतो. गुलाबी म्हणून आणलेले झाड दोन वर्षांत निळसर झाले तर रोपवाटिकेने फसवले असे समजू नका. निळा गडद हवा असेल तर रुजून जुन्या झालेल्या झाडाला कळी दिसायच्या आधीपासून पंधरा दिवसांतून एकदा तुरटीचे पाणी द्या, लिटरला ३ ग्रॅम, माती आधी ओली करून. त्या काळात हाडांचा चुरा आणि १९:१९:१९ बंद, कारण स्फुरद ॲल्युमिनियमला बांधून ठेवते. त्याऐवजी स्फुरद नसलेले १३:०:४५ खत, लिटरला १ ग्रॅम. नव्या छाटांना तुरटी कधीच नाही, मुळे जळतात. पांढऱ्या जातीचे फूल मात्र काहीही घातले तरी पांढरेच राहते, फार तर जुने होताना त्यावर हिरवट किंवा गुलाबी झाक येते.